सात बाण, एक वजन

निघताना शहनाजने डबा हातात दिला आणि दारातच बजावले, "तिथी कोनी सांगतल्याबिगर काही दुरुस्त करू नका. हात खिशात ठेवजा."

बायकोने नवऱ्याला 'पाणी उकळून प्या' असे सांगावे, 'पत्र टाका' असे सांगावे. माझी बायको असे का म्हणाली, त्याचा खुलासा आधी केलेला बरा. वरोऱ्याच्या बाजारात आमचे तराजू दुरुस्तीचे दुकान आहे. आजोबा, वडील आणि आता मी, रशीद काटेवाला. लोखंडी वजनाच्या बुडाशी शिसे भरायचे, कानस मारून ते नेमके करायचे, दांडी सरळ करायची, हा आमचा धंदा. यात एक खोड लागते. कुठेही वाकडे, कमीजास्त, एका बाजूला झुकलेले दिसले की हात शिवशिवतात. मागल्या वर्षी घुग्घुसला मेव्हण्याच्या घरी भिंतीवरचे घड्याळ मला दहा मिनिटे पुढे वाटले. सगळे जेवायला बसलेले असताना मी ते गुपचूप मागे सारले. मेव्हण्याने ते मुद्दामच पुढे ठेवले होते. दुसऱ्या दिवशी खाणीवरची त्याची पहिली पाळी हुकली. तेव्हापासून मी त्यांच्याकडे गेलो की माझ्यासाठी खुर्ची घड्याळाकडे पाठ करून मांडलेली असते.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. वरोऱ्याच्या एका सराफाने तेव्हा नुकताच विजेवर चालणारा काटा आणला होता. तांबडे आकडे लुकलुकायचे आणि बघायला गर्दी व्हायची. मीही बघून आलो आणि रात्री जेवलो नाही. त्यामुळे हेमलकशाच्या पलीकडच्या एका रेशन दुकानातून तराजू दुरुस्तीचे बोलावणे आले, तेव्हा एप्रिलचा उन्हाळा असूनही मी एका पायावर तयार झालो. निदान तिथे तरी वीज नव्हती.

चंद्रपूरला एसटी बदलली. लाकडी पेटीत माझा छोटा सराफी काटा, वजने, कानस, पक्कड आणि पितळी तारेचे भेंडोळे. कंडक्टरने पेटीला पायाने ढोसले.

"किती किलोची आहे?"

"अकरा किलो चारशे ग्रॅम."

त्याने माझ्याकडे बघितले. "मी अंदाजे विचारून राह्यलो, भाऊ."

अंदाजे म्हणजे किती, हे मला खरोखरच सांगता येईना. तो पुढे निघून गेला.

बल्लारपूर मागे पडले, आलापल्लीला चहा झाला आणि मग सागाचे जंगल सुरू झाले. उन्हाने पाने झडलेली, जमिनीवर त्यांचा खच, मधूनच मोहाखाली फुले वेचणाऱ्या बाया. मोहाचा गोड, किंचित आंबूस वास थेट बसमध्ये यायचा. रस्त्याला खड्डे होते असे म्हणण्यापेक्षा खड्ड्यांना मधूनमधून रस्ता होता. एका नाल्यात बस उतरली, 'खाड्' असा आवाज झाला आणि आम्ही सगळे उजवीकडे कललो. मागच्या चाकावरचा पाटा तुटला होता.

दोन तास थांबलो. कोणीही कुरकुर केली नाही. उतारू सावली धरून बसले, एका म्हातारीने टोपलीतली टेंभरे (तेंदूची पिवळी फळे) सगळ्यांना वाटली. मी ड्रायव्हरच्या मागे उभा राहून 'असे नाही, तसे' सांगत होतो, तर त्याने मला पाणी आणायला पाठवले. परत आलो तेव्हा चाळिशीतला एक काळासावळा माणूस पाट्याचा तुटका तुकडा ड्रायव्हरकडून मागून घेऊन दुपट्ट्यात गुंडाळत होता. एवढे जपून तर मी काटाही गुंडाळत नाही.

"हे कशाले?" मी विचारले.

"बापाले. याचे तीर मस्त होतात. पाट्याचं लोखंड लय कडक राह्यते."

हा रैनू. बोलता बोलता कळले की ज्या रेशन दुकानात मला जायचे होते, तिथला तोलारी हाच. आणि मी ज्याच्याकडे उतरणार होतो, तोही हाच. अर्धा प्रवास आम्ही एकाच बाकावर अनोळखी म्हणून केला होता.

हेमलकशाला उतरलो. दवाखान्याजवळ झाडाखाली रोग्यांचे नातेवाईक दगडांच्या चुली मांडून बसले होते. तिथून पायवाटेने दीड तास. पेटी रैनूने खांद्यावर घेतली आणि दोन पावले टाकून म्हणाला, "दहाबारा किलो असन." मी मनातून फार ओशाळलो.

गाव नदीकाठचे, माडियांचे. वीसपंचवीस घरे, शेणाने सारवलेली अंगणे, बांबूची कुंपणे. रैनूची बायको सोमरी हिने हातपाय धुवायला पाणी दिले आणि भोपळ्याच्या तुंब्यातून जावा (धान्याची पातळ, आंबूस आंबील) ओतून दिला. त्या उन्हात तो पोटात गेला आणि शहनाजच्या हातच्या सरबताची मी मनातल्या मनात माफी मागितली. जेवताना पानावर लाल मुंग्यांची चटणी आली. पहिले बोट भीतभीत चाटले. झणझणीत, लिंबासारखी आंबट. दुसरे बोट न भिता चाटले.

अंगणातल्या बाजेवर रैनूचे वडील बसले होते. त्यांना सगळे चिन्नादादा म्हणत. काटकुळे, पांढऱ्या केसांचे. मी 'जोहार' म्हटले, त्यांनीही म्हटले आणि त्यांचे संभाषण संपले. ते गुडघ्यावर एक बांबूची काडी ठेवून काहीतरी घासत होते.

त्यांची कथा रैनूने मला दुसऱ्या दिवशी दुकानात, तराजूची दांडी सरळ करता करता सांगितली. जंगलातली शिकार कायद्याने बंद, पण मासे कमठ्याने (धनुष्याने) मारायचे हे अजून चालू होते. उन्हाळ्यात नदी आटून डोह उरले की गाव एक दिवस ठरवून डोहावर जमते. जाळी, टोपल्या सगळे तयार ठेवायचे, पण पहिला बाण सुटल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. आणि पहिला बाण चिन्नादादाचा.

"मागल्या साली तीन तीर मारले. तिन्ही चुकले," रैनू म्हणाला. "लोकं उन्हात उभे. मंग काकाच्या पोरानं मारला. जुना कमठा लय कडक, आता त्याच्यानं वढल्या जात नाई. म्हनून नवा नरम कमठा केला, अन् पावसाळ्यापासून हे सात तीर करून राह्यला. सारखा घासते, पाह्यते, पुन्हा घासते. उद्या डोह आहे. औंदा चुकला ना, त तो पुन्हा कमठा हातात धरनार नाई. मले मालूम आहे."

मला अगदी भरून आले. माझ्या डोळ्यांसमोर सराफाचे ते तांबडे आकडे आले. या म्हाताऱ्यासाठी काहीतरी केलेच पाहिजे, असे मी ठरवले. जगातली निम्मी नुकसाने अशा भरून आलेल्या माणसांनी केलेली असतात.

दुपारी काम उरकून घरी आलो तर अंगणात कोणी नव्हते. सोमरी पाण्याला गेली होती, चिन्नादादा राळ (झाडाचा चीक) आणायला जंगलात. रैनू दुकानातच होता. सावलीत पोत्यावर सात काड्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येक काडीपुढे तिचे लोखंडी टोक. ही टोके शेपटाने बांबूच्या पोकळीत बसवायची, वर राळ आणि दोरा. मी एक टोक हातात घेतले. मग दुसरे. हाताला फरक जाणवला आणि माझा जीव कासावीस झाला.

काटा काढला. सातही टोके उचलून पेटीच्या झाकणात घेतली आणि एकेक तोलले. सवयीप्रमाणे वहीत लिहिले. सगळ्यांत हलके चौदा ग्रॅम, सगळ्यांत जड एकवीस! सात टोकांची सात वजने, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मागल्या सालचे तीन बाणही असेच कमीजास्त असणार, म्हणून चुकले, हे मला लख्ख दिसले. शिवाय हात थकलेला, कमठा नरम, आणि टोके एवढी जड? बाण पोचायचे कसे? मी कानस काढली. सहा टोके घासून घासून चौदा ग्रॅमवर आणली. सातवे मुळातच चौदाचे होते, त्याला कानस लावली नाही. दीड तास लागला, पण काम असे झाले की कुठलेही टोक कुठल्याही पारड्यात टाका, काटा मधोमध उभा.

चिन्नादादा राळ घेऊन आले. मी अभिमानाने सात टोके त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "दादा, आता सगळी सारखी."

त्यांनी एक टोक तळहातावर उडवून बघितले. मग दुसरे. माझ्याकडे बघितले. पाहुण्याला कोण रागावणार! ते चुलीजवळ बसले, राळ तापवली आणि टोके काड्यांवर चढवू लागले.

ऊन कलल्यावर त्यांनी वीस पावलांवर पेंढ्याचा भारा ठेवला. शेजारचे चारपाच जण येऊन उभे राहिले. पहिला बाण भाऱ्याच्या डाव्या कडेला लागला. दुसरा आणखी डावीकडून कुंपणात. तिसरा तर शेजाऱ्याच्या भोपळ्याच्या वेलात घुसला. चौथा डावीकडे, पाचवाही. सहावा मात्र भाऱ्याच्या मधोमध. मी टाळी वाजवली. सातवा इतका डावीकडे गेला की कोंबड्या ओरडत पळाल्या.

लोक हसले. चिन्नादादांनी कमठ्याची दोरी उतरवली, कमठा भिंतीला टेकवला आणि आत गेले.

रैनू आला, त्याने बाण उचलले, टोकांवरच्या कानशीच्या ताज्या चमकत्या खुणा बघितल्या.

"काटेवाले भाऊ, हे काऊन केलं तुमी?"

मी सांगितले. वजने कशी कमीजास्त होती, कसा तोल नव्हता. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. रैनूने आत जाऊन वडिलांना गोंडीत काहीतरी सांगितले. आतून दोनचार शब्द आले. रैनू बाहेर आला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हते आणि डोळ्यांत पाणीही होते.

"बाप विचारते, तुमच्या घरी सगळ्यायले एकाच मापाची चप्पल आनता का?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा अशी पाऊण वर्षाची मेहनत मी दीड तासात कानशीखाली घातली होती. घासलेले लोखंड पुन्हा चिकटत नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मेव्हण्याची तर एक पाळी हुकली होती. इथे एका माणसाचा कमठा कायमचा भिंतीला टेकला होता, आणि तो टेकवला मी.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी वही घेऊन चिन्नादादांच्या बाजेपाशी बसलो. "दादा, सातही वजनं माझ्यापाशी लिहून आहेत. पन कोनतं टोक कोनत्या काडीचं, ते मले मालूम नाई. मी सगळी एकत्र उचलली."

त्यांनी वहीकडे बघितले. आकडे त्यांना वाचता येत नव्हते. मग आमच्या बोलीत म्हणाले, "काडी त आहे ना."

काडी जळू नये म्हणून मी तत्परतेने तिला ओले कापड गुंडाळून राळ तापवली आणि काड्यांवरून टोके उतरवली. चिन्नादादांनी एक काडी उचलली, तिचा एक शेंडा जमिनीवर टेकवला आणि मधोमध अंगठ्याने हलकेच दाबले. काडी वाकली. बाजूला ठेवली. दुसरी दाबली, ती कमी वाकली. "ह्या कडक. ह्या नरम." अशा सातही काड्या त्यांनी कडक ते नरम ओळीने लावल्या. आणि ओळीच्या शेवटची, सगळ्यांत नरम काडी कालच्या सहाव्या बाणाची निघाली. मधोमध लागलेल्या.

"तीर सरळ नाई जात," ते म्हणाले. एवढे लांब बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. "कमठ्याले वळसा घालून जाते. मासोळी दगडाले घालते ना, तसा. कडक काडी वाकत नाई. तिले टोक जड पायजे, मंग वाकते. टोक हलकं केलं त वाकत नाई, डावीकडे पळते."

"मंग नरम कमठ्याले हलकं टोक नाई लागत?"

ते हसले. दोनच दात. "नरम कमठा काडीले कमी दाबते. त टोक आनखी जड पायजे. तू उलटं केलं."

मी उलटे केले होते. पण त्यांनी काड्या ओळीने लावल्या आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी वहीतली वजने जडाकडून हलक्याकडे उतरवली. सगळ्यांत कडक काडीपुढे एकवीस, सगळ्यांत नरमपुढे चौदा, मधल्या पाचांपुढे मधली पाच. सात काड्या, सात आकडे, जोड्या लागल्या. उरले होते फक्त गेलेले वजन परत आणायचे, आणि माझ्या पेटीत पितळी तार होती.

मग आम्ही दोघे कामाला लागलो. टोकाच्या शेपटाशी, मानेवर, मी तार गुंडाळायची, काट्यावर तोलायची, त्यांच्या हातात द्यायची. त्यांनी काडीवर बसवून बोटावर आडवी धरायची. पहिलीच त्यांनी परत दिली. "आनखी."

"दादा, काटा बरोबर सांगून राह्यला!"

"आनखी."

मी पुन्हा विचार केला. कमठा माझ्या काट्यावर विश्वास ठेवणार नव्हता, तो यांच्या बोटावर ठेवणार होता. दोन वेढे वाढवले. मग मला आठवले की टोकांना आधीच्या चाचण्यांची जुनी, टणक राळ चिकटलेली होती आणि ती मी काल तोलण्याआधीच खरवडून टाकली होती. तिचे वजन माझ्या वहीत कुठेच नव्हते. ही गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. त्यांना ती ठाऊक असावी.

तार न लागलेला नरम काडीचा धरून सहा बाण झाले आणि सगळ्यांत कडक काडीची पाळी आली, तेव्हा तार संपली. मी पेटी उलटीपालटी केली. शेवटी माझ्या सराफी काट्याचे पारडे जिच्यावर टांगलेले असते, त्या तारेला हात घातला. चिन्नादादांनी माझे मनगट धरले.

"राहू दे. सहा बस झाले."

पेंढ्याच्या भाऱ्यावर परीक्षा घ्यायला वेळ उरला नव्हता. लोक डोहाकडे निघाले होते.

डोह काळाशार, तीन बाजूंनी खडक. काठावर अख्खे गाव, बाया जाळी घेऊन, पाण्यापासून दोन हात दूर. कालचे हसणारेही होते. रैनूच्या काकाचा मुलगा कमठा घेऊन एका बाजूला उभा होता. तो मुळीच उद्धट दिसत नव्हता, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटले. चिन्नादादा खडकावर चढले. मी जवळून बघावे म्हणून पुढे सरकलो, शेवाळावरून घसरलो आणि गुडघाभर चिखलात बसलो. हसायला नको म्हणून सगळ्यांनी तोंडे फिरवली. त्या दिवशी पाण्यात पहिला पाय खरे तर माझाच पडला, पण पाहुण्याचा पाय मोजत नसावेत.

ते थांबले. किती वेळ, ते माझे मला कळले नाही, चिखलात घड्याळ बुडाले होते. मरळ (काळसर, सापासारख्या डोक्याचा मासा) श्वासासाठी वर येते, असे रैनू पुटपुटला. मी अल्लाकडे दुआ मागत होतो, आणि दुआ माशाच्या विरुद्ध आहे हे लक्षात येऊन मध्येच अडखळत होतो. पाण्यावर एक बुडबुडा आला. चिन्नादादांनी कमठा ओढला, बुडबुड्याच्या जरा खाली नेम धरला आणि सोडला.

बाण पाण्यात शिरला आणि मागचे टोक वर काढून डोहभर गरगर पळू लागला. मरळ लागली होती. एकच ओरडा झाला, सगळे गाव पाण्यात उतरले, आणि मी चिखलात बसल्या बसल्या चक्क रडलो. चिन्नादादा खडकावरून उतरले, माझ्याजवळ आले, मला हात देऊन उठवले आणि पुन्हा बाजेवर बसायला घरी निघून गेले.

संध्याकाळी ती मरळ आंबाडीत शिजली. मासळीला माझ्या धर्माचीही हरकत नव्हती, म्हणून मी पोट फुटेस्तोवर जेवलो. सकाळी निघताना चिन्नादादांनी सातवा बाण माझ्या हातात दिला. कडक काडी, चौदा ग्रॅमचे टोक.

"हा तुझा."

परतीच्या बसला तोच कंडक्टर निघाला. त्याने पेटीला पाय लावला आणि बहुतेक मजा करायची म्हणूनच विचारले, "किती किलोची आहे?"

"अकराच्या आसपास," मी म्हणालो. तार गेली होती, त्यामुळे नेमके मलाही ठाऊक नव्हते. आश्चर्य म्हणजे त्यावाचून काही अडलेही नाही.

वरोऱ्याला पोचलो तेव्हा शहनाजने डबा घेतला, बाण बघितला आणि माझे तोंड बघितले. "काय दुरुस्त केलं?" तिने विचारले. मी सगळे सांगितले. चपलेच्या जागी आल्यावर ती ओट्यावर बसून इतकी हसली की शेजारीण बघायला आली. मग तिने उठून स्वतःच दुकानाच्या भिंतीवर, अवजारांच्या फळीसमोर, दोन खिळे ठोकले आणि बाण आडवा टांगला.

सराफाकडचे तांबडे आकडे आता गावात चार दुकानांत लुकलुकतात. मी अजून तराजू दुरुस्त करतो, येतील तेवढे. गिऱ्हाईक बसल्या बसल्या बाणाकडे बघते आणि विचारते, "हा मारल्या जाते का, काटेवाले?"

"नाई," मी सांगतो. "कुठीच लागत नाई. याचं वजन एकदम बरोबर आहे."

त्यांना ते कळत नाही. मग मी कामाला लागतो, कानस घ्यायला फळीकडे हात नेतो, आणि हात आधी त्या बाणाला लागतो. तेव्हा मी थांबतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, "भाऊ, हे दुरुस्त करू ना?"